ॲनिमे थीमची भोपळा कोरण्याची स्पर्धा: तांजिरो जमेल का?

मनीमाऊ_एनजे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. गावातल्या लायब्ररीत ऑक्टोबरात हॅलोविनच्या आधी भोपळे कोरायची स्पर्धा असते. यंदा ती टीन सेक्शनच्या ॲनिमे क्लबकडे सोपवलीय, म्हणून विषय ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून. लेक सातवीत आहे. एरवी खोलीतून हाक मारली तरी बाहेर न येणारी मुलगी स्वतःहून नाव देऊन आली, त्यामुळे आता माघार नाही.

नियम असे: भोपळा खरा हवा, फोमचा चालणार नाही. विजेवर चालणारी हत्यारं नकोत. मोठ्यांनी पोकळ करून दिला तर चालेल, कोरायचं मात्र मुलांनी. रंग वापरायला परवानगी आहे. शनिवारी सकाळी नेऊन ठेवायचा, दुपारी परीक्षण.

बाईसाहेबांना डीमन स्लेयरमधला तांजिरो करायचाय. पूर्ण. केस, कपाळावरचा डाग, कानातले, हिरव्या-काळ्या चौकड्यांचा हाओरी (किमोनोवर घालायचा सैल अंगरखा), हातात तलवार. मी आजवर त्रिकोणी डोळे आणि दात यापलीकडे भोपळ्यावर काही केलेलं नाही. तिचे बाबा म्हणतात, "कोरू की, त्यात काय!" हेच वाक्य मी बाथरूमचा नळ बदलताना ऐकलं होतं.

कुणी असं काही केलंय का? नमुना कुठून घ्यायचा, भोपळा कोणता आणायचा, किती आधी कोरायचा, सगळंच सांगा.

---

डांगरवडी

आधी एक विचारते. परीक्षण अंधारात आत दिवा लावून आहे, की लॉबीत ट्यूबलाइटखाली? यावर निम्मं काम ठरतं. आरपार कापलेला भाग दिवसा काळा दिसतो आणि आत दिवा लावला की तोच सगळ्यात उजळ. म्हणजे चित्र चक्क उलटं होतं. लायब्ररीला फोन करून विचाराच.

---

खारूताई

सातवीतल्या मुलीचा उत्साह बघून छान वाटलं, पण पूर्ण तांजिरो तलवारीसकट?? माझ्या मुलाला पिकाचूच्या शेपटीने रडवलं होतं. शेपटी निखळून आत पडली.

'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'मधला जीजी करा की. काळी मांजर, दोन मोठे डोळे, विषय संपला.

---

मनीमाऊ_एनजे

@डांगरवडी, विचारते. हे डोक्यातच आलं नव्हतं.

@खारूताई, जीजी सुचवून पाहिला. "आई, तो तर कुणीही करेल" असं उत्तर आलं.

---

लिनोवाला

मी चित्रकला शिक्षक, साताऱ्याकडचा. भोपळे कोरण्याची परंपरा आपली नाही, पण लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेले छापे) मुलांकडून पुष्कळ करून घेतलेत आणि दोन वर्षं मुलीकडे ओहायोला होतो तेव्हा भोपळ्यांवर हात साफ करून घेतला. तर्कशास्त्र एकच आहे.

पहिली गोष्ट. मुलं चित्रातल्या रेषा कापायला जातात. रेषा कापायच्या नसतात, राखायच्या असतात. भोपळ्याची साल म्हणजे काळा रंग. ॲनिमेतली काळी बाह्यरेषा, केस, भुवया हे सगळं सालीत ठेवायचं आणि मधला गोऱ्या रंगाचा भाग काढायचा.

दुसरी गोष्ट, 'बेट'. चारही बाजूंनी कापलेल्या भागाने वेढलेला तुकडा खाली पडणारच. खारूताईंची शेपटी अशीच गेली असणार. नारुतोतला शारिंगन डोळा मुलांना फार आवडतो. त्यात लाल वर्तुळ कापलं की मधली बाहुली आणि ते तीन स्वल्पविराम, सगळे भोपळ्याच्या पोटात. म्हणून प्रत्येक काळा भाग कुठेतरी कडेच्या सालीला जोडलेला आहे ना, हे कागदावरच पेन्सिल फिरवून बघायचं.

यात ॲनिमेचा एक फायदा आहे. डोळा नीट बघा. वरची पापणी जाड काळी पट्टी असते आणि बुबुळ बहुतेक वेळा तिला वरून चिकटलेलं असतं. म्हणजे बुबुळ पापणीला लटकून राहतं, पडत नाही. डोळ्यातला पांढरा चमकीचा ठिपका तेवढा आरपार भोक पाडून करायचा. दिवा लावला की तो ठिपका असा पेटतो की बाकीचं चित्र ढोबळ असलं तरी चेहरा जिवंत वाटतो. नाकाची तर ॲनिमेवाल्यांनी आपल्यासाठी सोयच करून ठेवलीय, एक छोटी रेघ.

आता चौकडी. तिला सांगा, चौकडी आरपार कापता येणार नाही. बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चौकोन काढले तर उरलेले फक्त कोपऱ्यात एकमेकांना टेकतात. बोट लागलं की भिंत खाली. चौकडी फक्त खरवडायची: साल आणि खालचा थोडा गर काढायचा, आरपार जायचं नाही. आत दिवा असला की तो भाग मंद नारिंगी दिसतो. साल काळी, खरवडलेला भाग नारिंगी, आरपार भाग पिवळा-पांढरा, अशा तीन छटा मिळतात. जुनं हाताने रंगवलेलं ॲनिमेही सपाट रंग आणि एक सावली यावरच चालायचं, म्हणून ते भोपळ्यावर छान बसतं.

---

रात्रपाळी

लिनोवाला सर, दंडवत. 🙏

त्या चौकडीला जपानीत इचिमात्सु म्हणतात. अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु नावाच्या काबुकी नटाच्या पोशाखावर ती असायची, त्याच्यावरून नाव पडलं. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकच्या बोधचिन्हातही हीच चौकडी होती. परीक्षकांत एखादा ॲनिमेपंडित असला तर लेकीला सांगता येईल.

---

विळी_आणि_मी

वा, धागा 'विळ्या-भोपळ्याचं सख्य' या नावानेही चालला असता. 😄

मला एकच शंका. इतका गर निघणार त्याचं करता काय? घारगे होतात का?

---

आजी_सध्या_प्लेनोत

मी सुनेकडे टेक्ससला आले होते तेव्हा केले होते घारगे. त्या मोठ्या कोरायच्या भोपळ्याला चव नाही, नुसतं पाणी आणि दोरे. गूळ घालून आटवत बसले तर अर्धा तास गेला आणि पीठ भरमसाट लागलं. घारग्यांना दुकानात लहान 'शुगर पंपकिन' मिळतो तो घ्यावा, किंवा इंडियन स्टोअरमधला आपला लाल भोपळा. बिया मात्र मोठ्याच्याच छान. धुऊन, पुसून, तेल-मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये.

मनीमाऊ, डोरेमॉनसुद्धा ॲनिमेच ना गं? नातू म्हणतो हो. गोल तोंड, गोल भोपळा. तोच करा.

---

मनीमाऊ_एनजे

आजी, डोरेमॉन ॲनिमेच! पण तो "लहान मुलांचा" असं ठरलंय आमच्याकडे. ज्या मुलीने वयाच्या पाचव्या वर्षी डोरेमॉनच्या हिंदीत आमच्याशी भांडणं केली, तिच्याकडून हे ऐकायचं.

लायब्ररीत फोन केला. परीक्षण लॉबीतच, दिवे चालू ठेवून. शेवटी पाच मिनिटं दिवे घालवून मुलांना बघू देणार आहेत. मग आता?

---

डांगरवडी

हेच म्हणत होते. बहुतेक मुलं आरपार कापून आणतील आणि उजेडात ते सगळं काळ्या भोकांचं जाळं दिसेल. तुमच्या मुलीने खरवडण्यावर भर द्यावा. खरवडलेला भाग उजेडातही फिकट पिवळट दिसतो आणि आत दिवा असला तरी उजळच. दोन्हीकडे चित्र सुलट राहतं. आरपार अगदी मोजकं ठेवा: डोळ्यातली चमक, कानातल्यातला सूर्य, बस्स.

केस आणि चौकडीतले काळे चौकोन सालीवर काळ्या ॲक्रिलिकने रंगवले तर उजेडातही ते काळेच दिसतील. खरवडायच्या आधी रंगवा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर ओल्या गरावर काळे ओघळ येतात.

---

कोकणातला_कलाकार

खरवडायला कीटमधली ती नारिंगी प्लॅस्टिकची खुरपणी काही कामाची नाही. आमच्याकडे पेणला गणपतीच्या शाडूच्या कामाला लाकडी दांडीला तारेचं कडं बसवलेलं हत्यार असतं, तसलंच अमेरिकेत मातीकामाच्या सामानात मिळतं. 'क्ले लूप टूल' म्हणून मागा. साल एकदा निघाली की गर त्याने लोण्यासारखा उतरतो. कडा सरळ हव्या असतील तर आधी कटरच्या टोकाने चौकोनाची रेघ मारून घ्या, मग आतून खरवडा. रेघ न मारता सुरुवात केली की साल नको तिथे तुटते आणि चौकोनाला दातरे येतात.

---

रात्रपाळी

अवांतर: ज्यांना पुतळ्यासारखं कोरीवकाम बघायचंय त्यांनी रे व्हिलाफेनचं काम शोधा. मिशिगनमध्ये चित्रकला शिकवायचे. त्यांचे भोपळे आतून पेटतच नाहीत, जाड गरातून चेहरा, सुरकुत्या, ओठ उभे केलेले असतात. त्यासाठी भोपळा आकाराच्या मानाने जड लागतो, म्हणजे भिंत जाड. मनीमाऊंना उलट हवंय.

---

सोनचाफा_बॉस्टन

भोपळा निवडण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

दुकानात खोक्यात रचलेले असतात त्यांत हाउडन जातीचे बरेच असतात, मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन नावाच्या शेतकऱ्याने निवडून काढलेली जात. कोरायला चांगला, खायला आजी म्हणतात तसाच. तळ सपाट हवा. देठ हिरवा आणि घट्ट. देठाला धरून उचलू नका, मोडतो आणि तिथूनच सडायला लागतो. अंगठ्याने सगळीकडे दाबून बघा, विशेषतः तळाशी. ज्या बाजूला चित्र येणार ती गुळगुळीत हवी. खोल खाचांवर चौकडी वाकडी दिसेल.

झाकण वरून कापायचं नाही. मागच्या बाजूला किंवा तळाला भोक पाडा. वरचं वर्तुळ तसंच राहिलं की भोपळा आकार धरतो, आणि तळाचं भोक असलं की दिव्यावर भोपळा अलगद ठेवता येतो.

आतून खरवडून चित्राच्या बाजूची भिंत साधारण एक इंच ठेवा. त्याहून जाड राहिली तर खरवडलेल्या चौकोनांतून प्रकाश येत नाही, फार पातळ झाली तर दुसऱ्या दिवशी आत वळते. टाचणी खुपसून जाडी बघता येते.

आणि मेणबत्ती नको. लायब्ररी तशीही चालू देणार नाही. त्यात तीन छटांना प्रकाश भरपूर लागतो, चहाच्या मेणबत्तीएवढा बॅटरीचा दिवा टिमटिमतो. चांगला एलईडी ठेवा, त्याने आतला गरही शिजत नाही.

---

पाठमोरा

मला हे सगळं वाचून कळत नाही की खायची वस्तू कोरून फेकायची ही हौस आपण का उचलायची. आपल्या मुलांना दिवाळीचा आकाशकंदील करायला लावा की. नोव्हेंबर काय लांब आहे?

---

खारूताई

आला का कुणी. 🙄 आकाशकंदीलही करतात हो पोरं. दोन्ही करतात.

---

रात्रपाळी

पाठमोरा, ही हौस मुळात भोपळ्याचीही नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडे लोक सलगम कोरायचे, तिथले लोक अमेरिकेत आले आणि इथे त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला मऊ. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलमधल्या फिनटाउनच्या एका सलगमाच्या कंदिलाचा प्लास्टरचा ठसा आहे. फोटो बघा एकदा, त्याच्यापुढे आपला म्हसोबा गोंडस वाटेल. मुद्दा एवढाच की जो जिथे गेला त्याने तिथलं फळ घेतलं.

---

पाठमोरा

फोटो पाहिला. रात्री पाहायला नको होता.

मुद्दा मान्य नाही, पण सलगमाला मानलं. फेकण्याऐवजी कंपोस्टला द्या, मग माझी हरकत नाही.

---

मनीमाऊ_एनजे

देतो हो कंपोस्टला. रंग लावलेली साल तेवढी काढून टाकू.

प्रगती: भोपळा आणला. कागदावर चित्र तयार आहे. वाद घालून तलवार गेली, पूर्ण आकृती गेली. आता समोर फक्त चेहरा, डाग आणि दोन्ही कानातले. चौकडी खांद्यापासून सुरू होऊन भोपळ्याला पूर्ण वळसा घालणार, म्हणजे भोपळाच हाओरी. ही कल्पना तिची, मला आवडली. पण सपाट कागद गोल भोपळ्यावर बसेना, गालाशी सुरकुत्या पडतात.

---

लिनोवाला

भोपळाच हाओरी! शाबास. पूर्ण मार्क.

कागदाला कडेने आत तीन-चार ठिकाणी कात्री मारा, म्हणजे तो एकमेकांवर चढून बसेल. कात्री केसांच्या भागात मारा, डोळ्यांच्या नाही. चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि टाचणीने सगळ्या रेषांवर जवळजवळ भोकं पाडा, सालीत जेमतेम टोक जाईल इतकीच. मग कागद काढून वरून मैदा चोळा. ठिपके पांढरे उठून दिसतील. आपल्याकडे उदबत्तीने भोकं पाडलेल्या कागदी छापातून रांगोळी झिरपवतात ना, तेच. कागद समोर टेकवून ठेवा, कुठला भाग राखायचा ते ठिपक्यांवरून लक्षात राहत नाही. राखायच्या भागावर स्केचपेनने फुली मारलेली बरी.

चौकडीसाठी छाप नको. भोपळ्याला शिवणकामाचा टेप गुंडाळून आडव्या रेषा आखा. उभ्या रेषा भोपळ्याच्या स्वतःच्या फाकांवर घ्या. वर-खाली चौकोन निमुळते होतील ते होऊ द्या, कापडही अंगावर तसंच पडतं.

कोरायचा क्रम: डोळे आधी, भोपळा अजून भक्कम असताना. मग मधून बाहेर. मोठे भाग शेवटी.

---

सोनचाफा_बॉस्टन

शुक्रवारी संध्याकाळीच कोरा, आधी नको. झाल्यावर कापलेल्या कडांना व्हॅसलीन, खरवडलेल्या भागावर पाण्याचा फवारा, वरून किचनची प्लॅस्टिकची फिल्म, आणि रात्रभर थंडीत. गॅरेजमध्ये ठेवा, पायरीवर नाही. खारी ताज्या कापलेल्या भोपळ्याला सोडत नाहीत.

@खारूताई, तुम्हाला नाही म्हणत.

---

खारूताई

😂😂

---

पुणेरी_ओताकू

पुण्यातून करून बघायचं असेल तर? मंडईत डांगर मिळतं तेवढंच.

---

डांगरवडी

मंडईतलं डांगर होतं कोरून, पण साल कडक आणि गर घट्ट, जाड. पोकळ करताना हात दुखतील. त्यामुळे दिवा लावायचा नाद सोडा आणि नुसतं खरवडकाम करा. हिरवट सालीखालचा केशरी गर उजेडात मस्त उठून दिसतो. अख्खं मिळालं तरच, फोडी करून विकलेल्याचा उपयोग नाही. कोरून झाल्यावर गराची भाजी, म्हणजे पाठमोराही खूश.

---

मनीमाऊ_एनजे

झाली स्पर्धा!

शुक्रवारी शाळेतून आल्यापासून रात्री साडेदहापर्यंत काम चाललं होतं. बाबांनी पोकळ करून दिला आणि नंतर त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं गेलं. डाव्या कानातल्याची खालची कड निखळली, तेव्हा तिने दोन टूथपिक खुपसून ती जोडली, मला हाकसुद्धा मारली नाही. चौकोनांच्या रेघा कटरने आधी मारल्याचा फार उपयोग झाला, @कोकणातला_कलाकार.

लॉबीत सगळं डांगरवडी म्हणाल्या तसंच झालं. सात-आठ भोपळ्यांवर नुसती काळी भोकं दिसत होती. एक सुंदर टोटोरो होता (ॲनिमेतला तो जंगलातला गुबगुबीत प्राणी), पोटावरच्या खुणा सगळ्या आरपार, पण उजेडात कळतच नव्हता. दिवे घालवले तेव्हा सगळे त्याच्याभोवती. आमच्या चौकडीकडे उजेडातही लोक थांबत होते. एका परीक्षक बाईंनी विचारलं, ही चौकडी कापली का नाहीस? तिने कोपऱ्यांची भानगड समजावून सांगितली आणि वर इचिमात्सु नटाचं नावही टाकलं. @रात्रपाळी, तुमची फी द्यायला हवी.

पहिलं बक्षीस मात्र आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला. त्याने डझनभर छोटे भोपळे काळे रंगवून त्यांवर फक्त पांढरे डोळे काढले होते आणि ते खोक्यातून सांडल्यासारखे मांडले होते. काजळीचे ते गोळे, टोटोरोमधले. कोरलेलं असं जवळजवळ काहीच नाही, प्रत्येकाला मागे एक भोक, नियमापुरतं. आमच्या बाईसाहेबांना दुसरं. गाडीत पूर्ण वेळ "कोरण्याच्या स्पर्धेत रंगवलेला भोपळा कसा जिंकतो" यावर भाषण ऐकलं.

---

आजी_सध्या_प्लेनोत

दुसरं म्हणजे काय कमी आहे का! माझ्याकडून तिला घारगे.

---

लिनोवाला

फोटो टाका, उजेडातला आणि अंधारातला, दोन्ही.

बक्षिसाबद्दल: मी परीक्षक असतो तर मीही त्या मुलालाच दिलं असतं. मांडणीला मार्क असतात. पण टूथपिकसाठी तुमच्या लेकीला वेगळे दिले असते.

---

खारूताई

मी तिच्या बाजूने. 'कोरणे' म्हणजे कोरणे. नियमापुरतं भोक म्हणजे पळवाट झाली.

---

डांगरवडी

रंग वापरायला परवानगी आहे असं नियमातच होतं ना खारूताई. मग पळवाट कसली?

---

पाठमोरा

डझनभर छोटे भोपळे काळे रंगवले? कंपोस्टचं काय त्यांच्या?

---

मनीमाऊ_एनजे

फोटो उद्या टाकते, फोन तिच्याकडे आहे. चेहऱ्याचा छाप कुणाला हवा असेल तर विपू (विचारपूस) करा, तिने चित्र स्वतः काढलंय, द्यायला तयार आहे. मोठ्या भोपळ्यासाठी आहे, छोट्यावर डोळ्यातली चमक करवतीच्या पात्याहून बारीक होते. पुढच्या वर्षी तांजिरोची बहीण नेझुको करायचं म्हणते, किमोनोवरच्या त्या तागाच्या पानांच्या नक्षीसकट. @लिनोवाला, त्यात बेटं किती होतात ते जरा बघून ठेवता का?